हायस्कूलच्या कचेरीतली माणसे

(मणिबेली येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका सेवानिवृत्त हेडमास्तरांनी केलेले भाषण)



तुम्ही आता अक्षरे जुळवून वाचू लागला आहात. सही करता. एसटीची पाटी वाचता. आज मी तुम्हांला हायस्कूलविषयी सांगणार आहे. पण मास्तरांविषयी नाही. मास्तरांविषयी पुष्कळ बोलले जाते. हायस्कुलात आणखीही माणसे काम करतात. कारकून असतो, शिपाई असतो, प्रयोगशाळेत एक मदतनीस असतो. शाळा मोठी असली तर ग्रंथपाल असतो. आश्रमशाळेत स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार असतात आणि अधीक्षक, अधीक्षिका असतात. यांपैकी कोणी फळ्यावर लिहीत नाही. पण यांच्यावाचून हायस्कूल आठ दिवससुद्धा चालायचे नाही.

मी स्वतः मॅट्रिक. पुढे डी.एड. करून प्राथमिक शाळेत लागलो आणि हेडमास्तर होऊन बाहेर पडलो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला कारकून नसतो आणि शिपाईही नसतो. घंटा मीच वाजवीत असे. कुलूप मीच लावी. हजेरीपट, दाखले, तांदळाचा हिशेब, टपाल, सारे माझ्याच अंगावर. वर्गात मुले वाट पाहत बसायची आणि गुरुजी तक्ते भरत बसायचे. म्हणून हायस्कूलच्या कारकुनाचे आणि शिपायाचे मोल मला कोणी शिकवायला नको.

आधी कारकुनाचे सांगतो. त्याचा विषय मोठा आहे, आणि तुमच्या घरापर्यंत येऊन पोचणारा आहे.

मूल हायस्कुलात दाखल झाले की कारकून एका मोठ्या वहीत त्याची नोंद करतो. या वहीला जनरल रजिस्टर म्हणतात. प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर मिळतो. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, सारे एका ओळीत. ही वही रद्दीत घालायची नसते. ती कायम जपून ठेवायची असते. इमारत बदलली, हेडमास्तर बदलले, तरी वही राहते. मूल शाळा सोडून गेले की याच ओळीवरून त्याला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. दाखल्याच्या तळाशी बहुधा तीन सह्या असतात. एक वर्गशिक्षकाची, एक लेखनिकाची आणि एक मुख्याध्यापकांची. लेखनिक म्हणजे आपला कारकून. त्याने वही पाहून दाखला लिहायचा, आणि मग हेडमास्तरांनी सही करायची.

आता असे पाहा. हायस्कूलचा कारकून ही माहिती आणतो कुठून? प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी ती आणली कुठून? पहिलीच्या वेळी तुम्ही तोंडाने सांगितली त्यावरून. पुढे दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जाते ती हायस्कूलच्या वहीतली. नोकरीच्या कागदावर जाते ती दहावीच्या सर्टिफिकेटातली. म्हणजे तुम्ही एकदा जे बोललात तेच पुढे उतरत उतरत जाते. नदीच्या उगमाशी पाणी गढूळ झाले तर खाली कितीही गाळा, गढूळपणा थोडा राहतोच.

जन्मतारखेचेच घ्या. आपल्या महाराष्ट्रात 1 जूनला जन्मलेली माणसे किती असतील! खेड्यात तर विचारूच नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मूल आणणाऱ्या आईला तारीख ठाऊक नसायची. ती सांगायची, “पेरणीच्या वेळचा आहे,” “पूर आला त्या साली झाला.” मग जुने गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानापर्यंत पोचतो का ते पाहायचे आणि 1 जून लिहून मोकळे व्हायचे. जे कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांतल्या अनेकांच्या आधार कार्डावर 1 जानेवारी आहे. तुमच्यापैकी कितीजणांचा वाढदिवस 1 जानेवारीला येतो, ते घरी जाऊन कार्ड पाहून सांगा.

हसू नका. या तारखेवर जमीन अडलेली आहे.

नर्मदेच्या पाण्याचा लवाद बसला होता. त्याचा निवाडा 1979 मध्ये जाहीर झाला. त्यात धरणामुळे उठणाऱ्या कुटुंबांविषयी लिहिले आहे. ज्याची 25 टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन द्यावी असे त्यात आहे. आणि सज्ञान मुलगा हा वेगळे कुटुंब धरावा असेही आहे. म्हणजे मुलगा 18 वर्षांचा पुरा झाला होता की नाही, यावर त्याचा हक्क ठरायचा. आता 18 वर्षे पुरी झाली हे दाखवायचे कशाने? शाळेच्या दाखल्याने. पण डोंगरात त्या काळी शाळा किती पाड्यांवर होती? कागदावर होती तिथे तरी रोज उघडत होती का? ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याचे वय कोण मोजणार? बाप सांगत होता, आई सांगत होती. पण साहेबांना कागद हवा होता. महाराष्ट्रातली 33 गावे या धरणात येणार होती आणि त्यांत तुमचे मणिबेली आघाडीला होते. 1993 च्या पावसाळ्यात इथली काही घरे पाण्यात गेली. ते दिवस या वर्गातल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले आहेत, मी काय सांगणार? शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्याखाली गेले. काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याला गेली. कोणी इथेच वर सरकून राहिले. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदाच 138.68 मीटरपर्यंत भरले.

जुने गाव पाण्यात आहे. पण मणिबेलीत जन्मलेले जे मूल ज्या ज्या हायस्कुलात गेले, तिथल्या वहीत जन्मगावाच्या रकान्यात मणिबेली लिहिलेले आहे. जुन्या दाखल्यावर तालुका अक्कलकुवा, जिल्हा धुळे असे असेल. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. त्याआधीची नोंद धुळ्याचीच असणार. त्यात चूक काही नाही, घाबरू नका. प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढताना, नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी ज्या जागा राखून ठेवतात त्यांसाठी अर्ज करताना, असे जुने कागद उपयोगी पडतात. ते फाडू नका, चुलीजवळ खोचून ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा.

जातीच्या रकान्याचे तसेच आहे. सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आपल्या राज्यासाठी एका नोंदीत भिल्ल, तडवी भिल्ल, मेवासी भिल्ल, भिलाला, पावरा, वसावे अशी नावे एकत्र आहेत. कारकुनाने घाईत नुसते आडनाव जात म्हणून लिहिले, किंवा नुसते ‘तडवी’ लिहून पुढचा ‘भिल्ल’ गाळला, तर आज कोणी काही बोलणार नाही. पोरगा बारावी होऊन पुढे जायला निघेल तेव्हा जातीचे प्रमाणपत्र तपासणीला जाईल. राज्याने त्यासाठी 2000 सालचा कायदा केला आहे. तपासणी करणारी समिती जुन्यात जुनी नोंद मागते. आजा कुठे राहत होता, आज्याच्या कागदावर काय आहे, असे विचारते. जमातींची पहिली यादी 6 सप्टेंबर 1950 ला निघाली, म्हणून त्या तारखेच्या आधीचा कागद असला तर फार चांगले. आता आपल्या डोंगरात आजा शाळेत कधी गेला? आज्याचा दाखला कुठून आणायचा? मग कोणा चुलत आज्याचा, काकाचा, आत्याचा दाखला शोधत फिरावे लागते. अशा वेळी एखाद्या हायस्कूलचा कारकून कपाट उघडून, धूळ झटकून, तीस-चाळीस वर्षांमागची वही काढतो आणि बोट फिरवत नाव शोधून देतो. या कामात त्याचा अर्धा दिवस जातो. तो त्या दिवशी त्या घराचे किती भले करतो, ते त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

मातृभाषेचाही एक रकाना असतो. घरी तुम्ही भिली बोलता, पण त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘मराठी’ लिहिलेले सापडेल. कोणी विचारलेच नाही, कोणी सांगितलेच नाही. आपली भाषा सांगायला लाजू नये असे माझे मत आहे.

मग तुम्ही काय करायचे? सोपे आहे. मूल दाखल करताना कारकून अर्ज भरून घेईल आणि म्हणेल, “इथे सही करा.” पूर्वी तुम्ही अंगठा टेकवत होता. आता जरा थांबा. म्हणा, “भाऊसाहेब, वाचून मग करतो.” तो वैतागेल. बाहेर रांग असते, त्याचेही बरोबर आहे. पण वाचा. मुलाचे नाव पाहा. घरी गुल्या म्हणता, अंगणवाडीत गुलाब लिहिले, आधारवर गुलाबसिंग झाले, बँकेच्या पुस्तकात आणखी तिसरेच. असे झाले की शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. कारण आता ही सारी माहिती कॉम्प्युटरवर जाते आणि कॉम्प्युटरला गुल्या आणि गुलाबसिंग ही दोन माणसे वाटतात. जन्मतारीख अंकात असते तशी अक्षरातही असते. दोन्ही वाचा. दोन्ही जुळली पाहिजेत. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा. मूल शाळेत आहे तोवर पुरावे देऊन, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन दुरुस्ती होऊ शकते. मूल शाळा सोडून गेल्यावर जन्मतारीख बदलून घेणे फार अवघड. मग वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात.

जन्माचा दाखलाही वेळेवर काढा. जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा 1969 चा. तो अलीकडे सुधारला. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना जन्माचा दाखलाच वयाचा पुरावा धरतात. 1 मे 2024 पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग बापाचे, मग आडनाव लिहायचे असेही आपल्या राज्याने ठरवले आहे. बायांनो, हे लक्षात ठेवा. तुमचे नाव तिथे आहे की नाही ते तुम्हीच वाचायचे.

कागद नाही म्हणून मुलाला घरी मात्र ठेवू नका. 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी 2009 चा शिक्षणहक्क कायदा आहे. वयाचा पुरावा नाही, किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून आठवीपर्यंतच्या वर्गात प्रवेश नाकारता येत नाही. जीवनशाळेतून चौथी करून गेलेल्या मुलांनाही हे लागू आहे. कारकून कधी म्हणतो, “आधी दाखला आणा, मग बघू.” तेव्हा शांतपणे हा कायदा सांगा. भांडू नका. कित्येकदा त्यालाही नीट ठाऊक नसते. आणि एक: दाखल्यासाठी पैसे मागितले तर पावती मागा. पावती असलेले पैसे शाळेचे. बिनपावतीचे कोणाचे, ते मी सांगायला नको.

कारकुनाच्या रागाचे मूळही जाणून घ्या. पूर्वी त्याच्यापुढे वह्या होत्या. आता वह्याही आहेत आणि कॉम्प्युटरही आहे. एकच माहिती दोन-तीन ठिकाणी भरायची. पगाराचे बिल, शिष्यवृत्तीची यादी, बोर्डाचे फॉर्म. शाळेत मुले किती, ती आधारशी जुळतात का, हे तोच भरतो आणि त्या आकड्यांवर सरकार त्या शाळेला किती मास्तर द्यायचे ते ठरवते. याला संचमान्यता म्हणतात. डोंगराळ भागात वीज गेली, रेंज गेली की हे काम रात्री कुठेतरी टेकडीवर बसून करायचे. तुमच्या मुलाचे नाव आधारवर चुकले असेल तर तुमच्या गावच्या मुलांचा एक मास्तर कमी होऊ शकतो. कुठली गोष्ट कुठे जाऊन लागते पाहा!

आता शिपायाकडे येऊ.

शाळेत सर्वांच्या आधी येतो तो शिपाई आणि शेवटी जातो तोही शिपाई. किल्ल्या त्याच्या कमरेला. वर्ग झाडायचे, पाणी भरायचे, घंटा द्यायची, टपाल तालुक्याला न्यायचे, पैसे भरायला बँकेत जायचे. कोणते पोर रोज उशिरा येते आणि कुठून चालत येते, हे मास्तरांच्या आधी त्याला कळते. पोर तापाने फणफणले तर त्याला घरी पोचवायला हेडमास्तर जात नाहीत, शिपाईच जातो. काही शिपाई खेकसतात, हेही खरे. आपल्याकडे म्हणतातच, चहापेक्षा किटली गरम. पण अशी किटली दहांत एखादी. बाकीचे तुमच्या-माझ्यासारखे शेताबांधावरून आलेले असतात. तुमची बोली बोलणारा कचेरीत कोणी असेल तर बहुधा तोच असेल. साहेबापुढे तुमची जीभ अडखळली तर त्याला मधे घ्या.

शिपायाच्या हातात पाणी असते. ही लहान गोष्ट नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्याला शाळेत होते. त्यांना नळाला हात लावू देत नसत. शाळेचा शिपाई येऊन नळ सोडील तेव्हाच त्यांनी प्यायचे. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच मारायची. बसायला त्यांचे वेगळे तरट होते. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दोष त्या एका शिपायाचा नव्हता, साऱ्या समाजाचा होता. पण तहानलेल्या पोरापुढे उभा होता तो शिपाईच. आजही पाण्याच्या पिंपाजवळ कोण उभा आहे आणि तो कोणाला कसे पाणी देतो, ते पाहावे. शिपाई चांगला असला तर त्या शाळेत लहान पोर बिचकत नाही.

आपल्या खानदेशातले एक उदाहरण देतो. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुले वर्गात गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणे नीट करायचे. नोकराचे काम म्हणून ते खालचे, असे त्यांनी मानले नाही.

हे आता का सांगतो? 11 डिसेंबर 2020 रोजी आपल्या सरकारने एक निर्णय काढला. खासगी अनुदानित हायस्कुलांत शिपाई निवृत्त झाला की त्याच्या जागी कायमचा शिपाई नेमायचा नाही. शाळेला ठरावीक भत्ता द्यायचा आणि शाळेने तेवढ्यात माणूस पाहावा. मला हे पटत नाही. भत्त्यावरचा माणूस चार महिने राहतो आणि बरे काम मिळाले की निघून जातो. त्याला पोरांची नावे कधी पाठ होणार? किल्ल्या कोणाकडे आहेत, हा साधा प्रश्न नाही. विशेषतः जिथे मुली शिकतात तिथे.

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचे थोडक्यात सांगतो. तो बाटल्या धुतो, भिंगे पुसतो, तेजाबाच्या बाटलीवर चिठ्ठी आहे की नाही ते पाहतो. तेजाब पाण्यात हळूहळू ओतायचे असते, पाणी तेजाबात ओतायचे नसते. उलटे केले तर ते उसळून डोळ्यांत जाते. मुलांना हे मास्तर सांगतात, पण चाळीस मुलांच्या हातांवर लक्ष ठेवायला दुसरा माणूस लागतो. तो हा. आणि जिथे ग्रंथपाल आहे तिथे पोराला म्हणावे, आठवड्याला एक पुस्तक घरी आण. तुम्हीही ते वाचू शकता.

आता आश्रमशाळा. तुमच्यापैकी बहुतेकांची मुले तिथेच आहेत, म्हणून नीट ऐका. आपल्या तालुक्यातल्या आश्रमशाळा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयाखाली येतात. हायस्कुलात मूल संध्याकाळी घरी येते. इथे ते महिनोन् महिने येत नाही. म्हणून इथे स्वयंपाकी, कामाठी आणि चौकीदार ही माणसे मास्तरांइतकीच मोठी. भाकरी कच्ची राहिली तर पोराचे पोट दुखते. ताप आला तर रात्री दोन वाजता उठणारे कोणी पाहिजे. पावसाळ्यात साप निघतो. तेव्हा मूल ओरडले तर ऐकणारे कोण आहे? दिवाळीनंतर पोरीला सोडायला जाल तेव्हा मास्तरांना नमस्कार करा, पण तिथेच परतू नका. विचारा, रात्री मुलींजवळ कोण झोपते? अधीक्षिका इथेच राहतात का? दवाखान्यात न्यायचे झाले तर गाडी कोणाची? आमच्या घरी निरोप कोण देईल आणि कसा देईल? ही चार उत्तरे मिळाल्यावर निघा. स्वयंपाकघरातही डोकावा. कामाठीण बाईचे नाव विचारून घ्या. जिला तुम्ही नावाने ओळखता, ती तुमच्या पोरीला नावाने हाक मारील.

एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठी. तुमच्यातली काही तरुण पोरे पाचवी-सातवीतून सुटलेली आहेत. त्यांना दहावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्यासाठी 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. आपला जिल्हा नाशिक बोर्डाखाली येतो. फॉर्मची मुदत ठरलेली असते आणि ती दर वर्षी बदलते. मोलगीला किंवा अक्कलकुव्याला बाजाराला जाल तेव्हा हायस्कूलच्या कारकुनाला विचारा, यंदाची मुदत कधी? तुमचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो हरवला असेल तर जुन्या शाळेत अर्ज करा, दुय्यम प्रत मिळते. त्यासाठी नाव आणि अंदाजे साल सांगता आले पाहिजे. बाकी शोधायचे काम वही करते.

उद्या संध्याकाळी वर्गाला येताना ज्यांच्या घरी मुलांचे दाखले असतील त्यांनी ते आणावेत. मूळ दाखला आणू नका, झेरॉक्स आणा. होडीत भिजेल असा ठेवू नका. आपण आधी जन्मतारखेची ओळ वाचू, मग जातीची. ज्यांना कारकुनाच्या सहीखालचे अक्षर लागेल, त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवायचे.